"पाच दिवसांत फरक" या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या मुलाला माझ्या केंद्रावर हेडफोनवर ऐकवलेल्या 'सेफ अँड साउंड' या संगीताच्या उपचाराला एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत की संगीत बिघडलेल्या रेडिओसारखं होतं, दुसऱ्या दिवसापासून मुलगा जास्तच चिडचिडा झाला, आणि घरी इंदूर घराण्याचे गायक अमीर खाँसाहेब लावले असते तर हेच काम फुकटात झालं असतं. मुलाबद्दल तुम्ही इथे सांगितलंय त्यापलीकडे मी काही लिहीत नाही. सुरुवात चिडचिडीपासून करते, कारण तिथे चूक माझी आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दारातच म्हणालात, रात्री झोपला नाही, सकाळी पोह्यांची प्लेट फेकली. त्या दिवशी ऐकवायलाच नको होतं, फार तर ५ मिनिटं. मी पुन्हा ३० मिनिटं लावलं. या पद्धतीत एकूण ५ तासांचं संगीत असतं. पूर्वी ते रोज १ तास असं ५ दिवसांत संपवायचे, पण सगळ्यांना तेवढं झेपत नाही, म्हणून आता थोडं थोडं करून कित्येक आठवडे पुरवतात. हे मला चांगलं ठाऊक होतं. तुम्हाला अनंत चतुर्दशीच्या आत उरकायचं होतं, कारण झांक्यांच्या, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांच्या मिरवणुकीच्या, रात्री ढोल वाजला की तो पलंगाखाली शिरतो. तुमची घाई समजण्यासारखी होती. नाही म्हणायचं काम माझं होतं.

रेडिओचं मात्र मान्य नाही. हेडफोन ठीक होता. त्या संगीतातला खर्ज आणि फार वरचे आवाज मुद्दाम गाळलेले असतात, माणसाच्या बोलण्याच्या पट्टीतलं तेवढं ठेवतात. कल्पना अमेरिकेतल्या स्टीफन पोर्जेस यांची. मधल्या कानात एका चिमुकल्या हाडाला धरून असलेला इवलासा स्नायू असतो. तो आखडला की खालचा घोंगाट दबतो आणि बोलणं नीट ऐकू येतं. सतत धास्तावलेल्या माणसात तो ढिला पडतो, अशा आवाजाने त्याला सराव मिळतो आणि शरीर निवांत होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामागचा व्हेगस नसेचा (मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणारी नस) सिद्धांत त्यांनी १९९४ साली मांडला, पण शरीरशास्त्राच्या अभ्यासकांत त्यावर आजही वाद आहे, आणि या उपचारावरचे अभ्यास लहान आहेत. मला काही मुलांत फरक दिसलाय, काहींत अजिबात नाही. हे पहिल्याच भेटीत सांगायचा माझा नियम. तुम्हाला सांगितलं का, आठवत नाही. भिंतीवरचा "पाच दिवसांत फरक" हा फलक मात्र तुम्ही वाचलात. तो काल काढला.

खाँसाहेब जरूर लावा. इंदूरच्या माणसाला त्यांच्या विलंबित झुमऱ्याचे (संथ तालातल्या गाण्याचे) पैसे कोण मागणार? पण त्यात काही गाळलेलं नसतं, तेव्हा ते हेच काम नव्हे. आवाज बारीक ठेवा, बंद करायचं बटण त्याच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारी बसा. (शेजारी बसण्याचा गुण हेडफोनपेक्षा जास्त असावा, असं मला कधी कधी वाटतं. धंद्याच्या दृष्टीने हे लिहू नये.)

कुकरच्या शिट्टीलाही तो कान झाकतो, असं लिहिलंत. पुढे काहीही करण्याआधी कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. ती मीच आधी मागायला हवी होती.

पूर्ण फी परत करतेय. झांक्यांच्या रात्रीसाठी कारखान्यात कामगार कानांवर घालतात तसलं मफ केंद्रावर काढून ठेवलंय, लहान मापाचं. कुणाला तरी पाठवून घेऊन जा. संध्याकाळी ७ पर्यंत मी असते.