अस्तनीतला निखारा

माणसाला दोन हात असतात, ही गोष्ट फॅशन डिझाइनला प्रवेश घेईपर्यंत मला कधी खटकली नव्हती. आता खटकते. हात दोन म्हणजे बाह्या दोन, आणि त्यातली एक डावी.

प्रवेश घेताना डोळ्यांपुढे वेगळंच चित्र होतं. मोठा कागद, हातात पेन्सिल, एका फटकाऱ्यात घेरदार पोशाख आणि मागे उभे राहून थक्क झालेले सर. पहिला महिना तसा गेलाही, थक्क झालेले सर वगळता. खऱ्या माणसाची उंची त्याच्याच डोक्याच्या साधारण साडेसात पट भरते. फॅशनच्या चित्रात ती नऊ पट काढायची आणि जादा लांबी बहुतेक पायांत घालायची. लोकांच्या नाकी नऊ येतात, आमच्या डोकी नऊ आली. दिवसभर या उंच बायका काढल्या की खरी माणसं आखूड दिसायला लागतात. एका संध्याकाळी आईकडे नीट बघून मी म्हणालो, "तू दीड डोकं कमी आहेस." ती जे म्हणाली त्यात माझ्याही डोक्याचा हिशेब होता.

पण कागदावरच्या बाईचा एक मोठा गुण असतो. ती बसत नाही, वाकत नाही, हात वर करत नाही. तिला चेन लागत नाही. तो पोशाख ती घालते कुठून, हा प्रश्न तिला कोणी विचारत नाही. दुसऱ्या महिन्यात तो मला विचारला गेला.

मशीनशी ओळख मात्र अपमानातून झाली. सुरुवातीला दोराही देत नाहीत. कागदावर आखलेल्या रेषांवरून रिकामी सुई चालवायची आणि भोकं रेषेवर पडली का ते बघायचं. माझा कागद उजेडात धरला तर मुंग्यांची वरात पावसात सापडल्यासारखी दिसत होती. मग दोरा आला, आणि दोऱ्याबरोबर बॉबिन, म्हणजे सुईखाली बसणारी दोऱ्याची छोटी रीळ. मशीनचा टाका एका दोऱ्याचा नसतो. वरचा दोरा सुईतून खाली जातो, खालचा बॉबिनमधून येतो आणि कापडाच्या पोटात दोघं एकमेकांना अडकवतात. सुईचं भोक टोकाशी ठेवून असा टाका घालणाऱ्या यंत्राचं पेटंट इलायस हाऊ या अमेरिकन माणसाने 1846 मध्ये घेतलं. वरून सुबक टीप आणि खाली गुंतवळ निघाली की मी या हाऊसाहेबांना मनापासून उचक्या लावत असे. बहुतेक वेळा चूक माझीच असायची: दोरा ओवताना एखादी कडी सुटलेली.

कापडं ओळखायच्या तासाला चिंध्या जाळतात. सुती कापड कागदासारखं जळतं आणि मऊ राख सोडतं. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. रेशीम आणि लोकर यांना केस जळल्याचा वास येतो, कारण मुळात तीही केसांसारखीच प्रथिनं. मी चिमट्यात चिंधी धरली, ज्योतीवर नेली, वाकून खोल वास घेतला आणि वहीत ठामपणे 'रेशीम' लिहिलं. मॅडमनी वही पाहिली, मग माझं कपाळ पाहिलं. "चिंधी मांजरपाटाची आहे," त्या म्हणाल्या, "रेशीम तुझ्या भुवईचं."

मांजरपाट हा आमचा खरा सोबती. चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी सगळं पाप मांजरपाटावर करून घ्यायचं. तो गरीब, फिका आणि सोशिक असतो. माझ्या हातून त्याने जे सोसलं ते बघता त्याला पेन्शन द्यायला हवी.

आता मुंढा. अंगाच्या तुकड्याला बाहीसाठी जी गोल पोकळी कापतात ती मुंढा, आणि तिथे बसवायची ती बाही. ऐकायला किती सरळ: भोक आहे, नळी आहे, शिवून टाका. पण बाहीच्या डोक्याचा गोलावा मुंढ्याच्या गोलाईपेक्षा मोठा असतो, आमच्या जॅकेटच्या पॅटर्नला, म्हणजे कापड बेतायच्या कागदी साच्याला, चांगला इंचभर. आणि तो मुद्दाम मोठा ठेवलेला असतो! खांद्याला उंचवटा आहे, बाहीने त्याच्यावरून वळायला हवं, म्हणून. हा इंचभर फरक चुणी न पाडता जिरवायचा. काठाजवळून मोठ्या टाक्यांच्या दोन ओळी घालायच्या, दोरे हलकेच ओढायचे, जादा कापड बोटांनी पसरवत न्यायचं, टाचण्या लावायच्या, वाफ द्यायची. मोठ्याला छोट्यात घालायचं आणि कोणाला कळू द्यायचं नाही. सावकारीचा हिशेब यापेक्षा सोपा असावा.

मी बाह्या सरसावून कामाला लागलो. माझ्या स्वतःच्या, शर्टाच्या. त्या कोणीतरी व्यवस्थित लावलेल्या होत्या, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

पहिल्या खेपेला बाही उलटी लागली, शिवण बाहेर. उसवली. दुसऱ्या खेपेला सुलट लागली, पण मुंढ्याखाली जॅकेटची पाठही त्याच टिपेत आली आणि बाहीचं तोंडच बंद झालं. उसवली. तिसऱ्या खेपेला चुण्या अशा पडल्या की खांद्यावर फ्लॉवरचा गड्डा ठेवल्यासारखं वाटावं. उसवली. चौथ्या खेपेला मात्र एकही चुणी नाही! मी उठून उभा राहिलो, मैत्रिणीला हाक मारली, जॅकेट डमीवर चढवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही बाई मागे चालतेय का?"

उजवी बाही डावीकडे लागली होती. बाही पुढून जास्त खोल कापलेली असते, मागून भरलेली, कारण माणसाचे हात पुढे येतात. ओळखता यावं म्हणून पॅटर्नवर पुढच्या बाजूला एक खाच आणि मागच्या बाजूला दोन खाचा देतात. मी त्या दिलेल्या होत्या. मग 'काठ जरा स्वच्छ दिसावा' म्हणून कात्रीने छाटूनही टाकल्या होत्या. अस्तनीतला निखारा म्हणतात तो बाहेरून येत नाही, आपणच फुंकून ठेवलेला असतो.

याच काळात घरी मावशी आली. मी काय शिकतो हे तिला तीनदा समजावून झालं होतं. तिने पिशवीतून काकांच्या चार पँटा काढल्या. "दोन इंच आखूड कर, आणि या एकीची चेन बदल. कॉलेजात करतच असाल ना." मी मूडबोर्ड, रंगसंगती, संकल्पना असं काहीबाही बोललो. "ते कर की, पण आधी चेन," मावशी म्हणाली.

ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे आपलं काम मांडायच्या परीक्षेच्या, आदल्या रात्री मला इतिहासाच्या पेपरातला चार्ल्स फ्रेडरिक वर्थ आठवला. मूळचा इंग्रज, 1858 मध्ये पॅरिसला स्वतःचं दुकान काढलं आणि कपड्यात आपल्या नावाची पट्टी शिवायला लागला. शिंपी गिऱ्हाइकाचं ऐकतो, वर्थ गिऱ्हाइकाला सांगायचा. मला ते फार आवडलं. रात्री दोन वाजता, जॅकेटचं अस्तर अजून लोंबत असताना, मी स्वतःच्या नावाची पट्टी भरतकामाने केली आणि गळ्याच्या आत शिवली. अस्तर पहाटे टाचण्यांनी लागलं.

ज्युरीत जॅकेट मैत्रिणीने घातलं. बाहेरून आलेल्या सरांनी संकल्पना विचारली. मी "वाऱ्याला दिलेला प्रतिसाद" असं काहीतरी पाठ केलेलं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि तिला म्हणाले, "हात वर कर बघू."

तिने हात वर केला. हाताबरोबर बाही वर गेली, बाहीबरोबर अख्खं जॅकेट वर गेलं, आणि तिचं डोकं कॉलरच्या आत गेलं. आतून "सर, टाचणी" असा आवाज आला.

"मुंढा इतका खोल का?"

"हालचालीला मोकळं पडावं म्हणून, सर."

"मग उथळ ठेवायचा." मुंढा काखेच्या जितका जवळ, तितका हात सुटा हलतो. खोल केला की हात उचलताना सगळा कपडा ओढून नेतो. आतापर्यंत मी भोकं मोठी करत होतो आणि ते औदार्य समजत होतो.

सगळे गेल्यावर मी सीम रिपर घेतला आणि गळ्याच्या आतली माझ्या नावाची पट्टी काढायला बसलो. मॅडम दिवे बंद करत येत होत्या, त्या थांबल्या. पट्टी निघाली होती. खालचा एक धागा तुटला नव्हता, कापडावर एक भोक दिसत नव्हतं.

"उसवायला हात छान बसलाय तुझा," त्या म्हणाल्या. "आता बाह्याही काढ. सोमवारी परत लावायच्यात."