सर, जवळून बोला

आमच्या ऑफिसातले बडे बाबू निवृत्त झाले, मंगल कार्यालय ठरलं, शाल-श्रीफळ आलं आणि 'दोन शब्द' बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पडलं. मी उभा राहिलो, "आदरणीय व्यासपीठ" एवढंच म्हणालो, आणि हॉलच्या चारी कोपऱ्यांतल्या बॉक्समधून माझ्या चौपट आवाजात उत्तर आलं, "सर, जवळून बोला."

हे व्यासपीठ बोललं नव्हतं. कोपऱ्यात प्लास्टिकच्या टेबलावर मिक्सर मांडून बसलेलं माइकवाल्याचं पोरगं बोललं होतं. त्याच्याकडे स्वतःचा वेगळा माइक होता. मिसरूड नुकतं फुटलेलं, गळ्यात हेडफोन, एका पायात चप्पल, दुसरी टेबलाखाली कुठंतरी. मी एक पाऊल पुढे सरकून म्हणालो, "बडे बाबूंचा आणि माझा परिचय..."

"सर, आजून जवळ. लाजू नका."

सगळा हॉल हसला. बडे बाबू हसले. त्यांच्या सौभाग्यवती, नवरा आता दिवसभर घरीच राहणार या धास्तीनं सकाळपासून गप्प होत्या, त्यासुद्धा हसल्या. पुढे मी काय बोललो ते मलाही नीट ऐकू आलं नाही. बडे बाबूंनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची फाइल कशी स्वतः टेबलाटेबलावर फिरवून मार्गी लावली, हा माझ्या भाषणातला एकमेव डोळे ओले करणारा प्रसंग. 'आणि तो म्हातारा बाबूंच्या पाया पडायला वाकला' इथं मी आलो आणि मागून सनई सुरू झाली. रेकॉर्डवरची. लोकांना वाटलं, भाषण संपलं. टाळ्या पडल्या. म्हातारा वाकलेलाच राहिला.

माझ्यानंतर एक माजी नगरसेवक उठले. ते "उपस्थित" म्हणाले, तर हॉल "थित... थित... थित" म्हणाला. "बंधू-भगिनींनो" म्हणाले, तर नुसतं "नो... नो... नो" घुमत राहिलं. बडे बाबूंचं नाव त्यांनी दोनदा चुकवलं, पण चुकीचं नावसुद्धा असं घुमलं की बरोबर वाटलं.

जेवणाच्या वेळी पोरगं टेबलाच्या कडेला ताट ठेवून, एक हात मिक्सरवर ठेवूनच जिलेबी खात होतं. मी माझं ताट घेऊन तिथंच गेलो.

"काय रे बाबा, त्यांना इको दिलास, मला का नाही दिला?"

"सर, इको आवाजाला देत असत्यात. तुमचं निस्तं वारं यायलं होतं."

"वारं?"

"वारं. फू फू. आवाज असा नाहीच. वाऱ्याला इको दिला तर लोकाला वाटतंय वादळ सुटलं."

माझ्या आवाजात नेमकं काय कमी आहे, असं मी जरा चढ्या स्वरात विचारलं. म्हणजे मला तो चढा वाटला. त्यानं जिलेबी खाली ठेवली, बोटं चाटली आणि आजारी माणसाला डॉक्टरनं सांगावं तसं सांगायला सुरुवात केली.

"वाईट वाटून घेऊ नका. तुमचा आवाज गळ्यात अडकायलाय. पोटातून येईना गेलाय. काहून सांगू? तुम्ही पोट आत ओढून उभे होते. समोर फोटोवाला होता ना. पोट आत घेतलं की फोटू चांगला येतंय, आवाज येत नसतोय. श्वास जायला जागाच नाही ना खाली."

मी पोट सोडलं.

"आता बगा, जरा बरं यायलंय. दुसरं, माइक दोन बोटं लांब पाहिजे. तुमी धरला इतभर. जवळ आलं की बेस आपोआप येतोय, मला बटन फिरवायचीबी गरज नाही. लांब गेलं की मला वाढवावं लागतंय. वाढवलं की बॉक्सचा आवाज परत माइकात, आन मंग शिट्टी. शिट्टी झाली की शिव्या कोणाला? मला. तुम्ही तर खाली उतरून जिलेबी खायले."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त राग आला. "आणि सनई? ती का लावलीस मधेच?"

"ते वाढप्यानं हात केला होता. पुऱ्या गार होयल्या होत्या."

"अरे, मी एक हृद्य प्रसंग सांगत होतो!"

"असं का? मला वाटलं आभार चालूयेत. तुमचा आवाज पयल्यापासून आभाराचाच हाय ना."

हे वाक्य मला अजून पचलेलं नाही. आवाज ऐकून माणूस कार्यक्रमपत्रिकेत कितव्या नंबरला बसेल हे या पोरानं ठरवून टाकलं होतं. आठवीपासून तो हेच काम करत आला आहे. लग्न, बारसं, दहावं, जयंती, हरिनाम सप्ताह, प्रचारसभा, सगळ्यांचे आवाज त्याच्या हाताखालून गेलेले. "कीर्तनवाल्या म्हाराजांना कधी म्हणावं लागत नाही, जवळ या म्हणून," तो म्हणाला. "एक म्हाराज हायेत, मधात लाइट गेली तर त्यांना पत्ताच लागत नाही. मलाबी नाही लागत. मीबी बटन फिरवीत बसतोय." मग त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "सर, तुम्ही घरी बोलता का?"

"म्हणजे?"

"म्हणजे, घरात बोलतं कोण?"

मी ताटातल्या वांग्याच्या भाजीकडे पाहिलं. त्याला उत्तर मिळालं असावं, कारण त्यानं कणवेनं कॉर्डलेस माइक माझ्या हातात दिला. "म्हणा हॅलो. पोटातून म्हणा. लोकाकडं बगू नका, भिताडाकडं बगा." मी भिंतीकडे बघून, पोट सैल सोडून, दोन बोटांवर माइक धरून "हॅलो" म्हणालो. पंगतीतल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. एक गृहस्थ हातात पुरी तशीच धरून ओरडले, "आता काहून भाषण? जेवू द्या की हो!"

"बघा," पोरगं खूश होऊन म्हणालं, "पोचलं की नाही?"

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आमच्याकडे छाती काढून म्हणतात. का म्हणतात ते कुणी सांगत नाही, पण ज्या आवाजात म्हणतात त्यावर कुणाची विचारायची छाती होत नाही. अशा गावात बारीक आवाजाचा माणूस म्हणजे जन्माची पंचाईत. इथं रस्त्याच्या या कडेचा माणूस त्या कडेच्या माणसाला घरातलं सगळं विचारतो, मधून ट्रक जात असला तरी. फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या उरुसात फिरून या. पाळणेवाले, बांगड्यावाले, खेळणीवाले, एकालाही कुणी 'प्रभावी वक्तृत्व' शिकवलेलं नाही, तरी दहा दुकानं ओलांडून त्यांचा शब्द नेमका तुमच्या खिशात हात घालतो. लहानपणी घरात रेडिओ होता, त्यावर आकाशवाणी परभणी लागायची. निवेदक कापसावरच्या फवारणीची माहितीसुद्धा अशी द्यायचे की आमच्याकडे वितभर रान नसताना आजी म्हणायची, फवारून घ्या रे. आणि वक्ते म्हणाल तर नरहर कुरुंदकर. आयुष्य नांदेडात गेलं, पण जन्म 1932 चा, मूळ गाव कुरुंदा, आणि कुरुंदा तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. 1999 साली हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्यात कुरुंदाही गेलं. तेव्हापासून आमच्या जिल्ह्याचं भाषणांचं ओझं माझ्यासारख्यांवर पडलं आहे.

माझा त्रास जुना आहे. बँकेच्या, गॅसच्या, मोबाइल कंपनीच्या पोरी फोनवर मला 'मॅडम' म्हणतात. एकदा मी आवाज जाड करून "मी पुरुष बोलतोय" म्हणालो, तर पलीकडून "ओके मॅडम, सरांशी बोलता येईल का?" असं आलं. यामागचं कारण मी मुद्दाम वाचून काढलं. जुन्या टेलिफोनच्या तारेवर 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पाठवत. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर असतो 100-120 हर्ट्झच्या आसपास, बायकांचा 200 च्या. म्हणजे मूळ स्वर पलीकडे कुणाचाच धड जात नसे. ऐकणाऱ्याचं डोकं वरच्या सुरांवरून अंदाज बांधून तो भरून काढायचं. बाकी पुरुषांच्या बाबतीत डोकी पुरुष भरून काढतात. माझ्या बाबतीत कंटाळा करतात.

आणि हे मला स्वतःला कधी कळलंच नसतं. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून खर्ज जास्त येतो. त्यामुळे आतून ऐकलं तर मी भारदस्त माणूस आहे. कार्यक्रमाचा व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर आला तेव्हा कवटीबाहेरचा मी ऐकला. नगरसेवकांचं भाषण अख्खं होतं. माझं कापून "सर, आजून जवळ. लाजू नका" एवढंच ठेवलं होतं. त्यातही माझा आवाज नव्हताच, पोराचा होता.

मग सुरू झाले उपाय. मुलीनं मोबाइलवर एक शिकवणीचा व्हिडिओ लावून दिला. पहाटे उठून ओठ मिटून 'म्म्म्म' करायचं, नाकाच्या हाडाला कंप जाणवला पाहिजे. ते झालं की पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून 'ऊऽऽ' म्हणत बुडबुडे काढायचे. हा थट्टेचा विषय नाही. स्वरतंत्र्यांवरचा ताण कमी करायला वाचा-उपचारवाले खरोखर हा व्यायाम देतात. पण घरातल्यांना कोण सांगणार? "अहो, ताक तरी घ्या त्यात, नुसत्या पाण्याचे काय फुगे काढता," ही म्हणाली. 'म्म्म्म'ला दोन दिवस होत नाहीत तोच शेजारच्या काकू लवंग घेऊन आल्या. "भाऊ, दाढंत धरा. रात्रभर कण्हायलात, आमालाबी झोप येईना."

शिवाय घसा ओला ठेवायचा म्हणतात. दर तासाला घोट घोट पाणी. सल्ला रास्त आहे, पण तो देणारा मराठवाड्यात राहत नसावा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात लातूरकरांनी हंडे घेऊन टँकरपुढे जे आवाज लावले, ते कोरड्या घशानंच लावले.

हिच्या आग्रहाखातर एका संभाषण-कलेच्या वर्गालाही बसून आलो. पहिलं भाषण फुकट होतं. तिथले सर कोटात होते, मे महिन्यात. मी उभा राहून म्हणालो, "मी सध्या आवाजावर काम करायलोय." सरांनी मला मधेच थांबवलं. "आधी हे 'करायलोय' सोडा. आत्मविश्वास आपोआप येईल." वर्गातली पोरं, जिंतूरची, सेलूची, पाथरीची, वहीत लिहून घेऊ लागली. इथं मात्र माझं डोकं फिरलं. आवाज माझा, घसा माझा, पोट माझं, ते आत घ्यायचं की बाहेर सोडायचं हेही आता मला कळतं, आणि आत्मविश्वास तेवढा पुण्याहून मागवायचा? बाभळगावचे विलासराव देशमुख, नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे. सभेला मैदान पुरत नव्हतं यांच्या. दोघांच्या बोलण्यातनं आपला मुलूख कधी गेला नाही, आणि त्यांना कुणी वहीत लिहून घ्यायला लावलं नाही. ही पोरं उद्या मुलाखतीला जातील तेव्हा निम्मं लक्ष उत्तराकडे आणि निम्मं 'करायलोय' तोंडातून निसटू नये याकडे असेल. मग आवाज गळ्यात अडकणार नाही तर काय होणार? वर बाहेर पडताना फी भरायचा कागद हातात. माइकवाल्यानं दोन बोटं अंतर आणि सैल पोट एका जिलेबीत शिकवलं होतं. तेही त्याच्याच भाषेत.

मी सरांना हे सगळं ठणकावून सांगितलं. ते म्हणाले, "काय? जरा मोठ्यानं बोला."

आता पुढच्या आठवड्यात आमच्या संघटनेचं धरणं आहे, कलेक्टर कचेरीसमोर. मी अध्यक्षांना म्हणालो, घोषणांमध्ये माझं नाव घाला, माझी तयारी सुरू आहे. अध्यक्ष माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी मला निवेदनावर सह्या गोळा करायला बसवलं. सह्यांना आवाज लागत नाही, म्हणाले. पेन मात्र घरून आणायला सांगितलंय.