नाथ पैंचं ते विधेयक कुणी वाचलंय का?

दरवर्षी १८ जानेवारी, म्हणजे स्मृतिदिन आला, की बॅ. नाथ पैंचे फोटो फिरायला लागतात. खाली ठरलेला मजकूर असतो: अमोघ वक्तृत्व, कोकणचा सुपुत्र, लोकशाहीचा उपासक. यातलं काही खोटं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण हा माणूस राजापूरमधून तीनदा लोकसभेवर गेला. तिथे उभा राहून तो काय मागत होता, यावर त्या दिवशी एक ओळ दिसत नाही. आवाज आठवतो, मुद्दा विसरलो.

त्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा आजच्या वातावरणात गैरसोयीचा आहे, म्हणूनही तो झाकला जात असेल. एप्रिल १९६७ मध्ये नाथ पैंनी लोकसभेत एक खासगी, म्हणजे सरकारचं नसलेलं, घटनादुरुस्ती विधेयक मांडलं. सार एवढंच, की संसदेला राज्यघटनेतलं कोणतंही कलम बदलता आलं पाहिजे. मूलभूत हक्कांचंसुद्धा!

दचकलात ना? मीही पहिल्यांदा दचकलो होतो.

त्याआधी दीडेक महिना, २७ फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला होता. पंजाबातल्या एका कुटुंबाची शेकडो एकर जमीन कमाल धारणेच्या कायद्यात गेली, त्याचं प्रकरण. अकरा न्यायमूर्ती, सहा विरुद्ध पाच. सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्या बाजूच्या बहुमताने सांगितलं की यापुढे संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावता येणार नाही. मागच्या दुरुस्त्या राहू द्या, पण पुढे नाही. त्या वेळी मालमत्तेचा हक्कही मूलभूत हक्कांतच होता. म्हणजे जमीन सुधारणेचा प्रत्येक नवा कायदा याच दारात अडणार होता.

हे सगळं कोकणातल्या खासदाराला का टोचलं असेल, ते घटनेचं नववं परिशिष्ट उघडलं की कळतं. न्यायालयात अडकू नयेत म्हणून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने काही कायदे या परिशिष्टात नेऊन ठेवले. त्यातली दुसरी नोंद मुंबई राज्याचा कूळकायदा आणि सहावी नोंद खोती निर्मूलनाचा कायदा. खोत म्हणजे काय, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांत अजून सांगावं लागत नाही; बाहेरच्यांसाठी एवढंच, की सरकारसाठी सारा वसूल करणारा आणि कुळांवर हुकूम चालवणारा मधला जमीनदार. खोती मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्येच मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं. कुळाच्या नावावर सातबारा व्हायला एवढी वर्षं गेली आणि एका मताच्या फरकाने न्यायालय म्हणतं की आता इथून पुढे काही हलणार नाही. अशा मतदारसंघातून आलेला समाजवादी बॅरिस्टर गप्प कसा बसेल?

आणि बघा, हे काम खरं तर सरकारचं होतं. निकालाचा फटका सरकारला बसलेला आणि दुरुस्ती मांडतोय विरोधी बाकावरचा प्रजा समाजवादी पक्षाचा खासदार. तीही शुक्रवारी दुपारी, खासगी कामकाजाच्या अडीच तासांत, जेव्हा निम्मं सभागृह घरची गाडी पकडायच्या विचारात असतं. संसदेत आजवर अवघी चौदा खासगी विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. त्यात घटनादुरुस्ती एकही नाही. पुन्हा तिला दोन तृतीयांश मतं लागतात. हे सगळं नाथ पैंना ठाऊक नव्हतं? पक्कं ठाऊक होतं.

विधेयक संयुक्त समितीकडे गेलं आणि तिथून परत येताना त्यात एक महत्त्वाची भर पडली. मूलभूत हक्कांना हात लावायचा तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचीही संमती हवी. म्हणजे ब्रेक बसवला. माझ्या मते त्या सगळ्या वादातलं हे सगळ्यात शहाणपणाचं वाक्य होतं.

पुढे डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर ते विधेयकही संपलं. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात नाथ पै गेले. वय अठ्ठेचाळीस.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती मंजूर करून घेतली. मांडणारे कायदामंत्री ह. रा. गोखले, म्हणजे तेही आपलेच. नाथ पैंनी मागितलेला अधिकार संसदेला मिळाला. राज्यांच्या संमतीचा तो ब्रेक मात्र गाळला. गाडी घेतली, ब्रेक काढून ठेवला. पुढे पाच वर्षांनी, आणीबाणीत, विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तुरुंगात असताना संसदेला अमर्याद अधिकार देणारी बेचाळिसावी दुरुस्ती झाली. तीही गोखल्यांनीच मांडली. नाथ पैंच्या जागी राजापूरमधून निवडून आलेले मधु दंडवते त्या आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते.

मग नाथ पै चुकले का? गेल्या वर्षी याच विषयावर एका मित्राशी माझा मोठा वाद झाला. तो म्हणाला, त्यांनीच दार उघडून दिलं. मला हे पटत नाही. दार कुणीही उघडलं असतं, सरकारकडे बहुमत होतं. पण त्यांचा हिशोब एका ठिकाणी चुकला हे मी मानतो. ते ज्या सभागृहात बसत होते तिथे युक्तिवादाने माणसं हलत होती, आणि संसद कायम अशीच राहील असं त्यांनी धरलं.

आज काय परिस्थिती आहे? १९८५ च्या बावन्नाव्या दुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडला तर खासदारकी जाते. समोरचा कितीही पटेल असं बोलला तरी मत आधीच ठरलेलं असतं, मग बोलणाऱ्यानेही जीव का काढावा? आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाची १०३ वी दुरुस्ती ८ जानेवारी २०१९ ला लोकसभेत आली, त्याच दिवशी मंजूर झाली, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत. आरक्षण बरोबर की चूक हा वाद इथे नको, कमेंटमध्येही नको. एवढंच बघा, की संयुक्त समिती नाही, दुसरा शुक्रवार नाही. नाथ पैंचं विधेयक साडेतीन वर्षं लोंबकळलं, याचा मला आता राग येत नाही.

अजून एक माणूस आठवतो. न्या. यशवंत चंद्रचूड. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींपैकी सातांनी सांगितलं की घटना बदला, पण तिची मूलभूत चौकट मोडू नका. चंद्रचूड उरलेल्या सहांत होते. संसदेच्या अधिकाराला अशी मर्यादा नाही, जवळजवळ नाथ पैंचीच भूमिका. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात तेच सरन्यायाधीश होते आणि संसदेला अमर्याद अधिकार देणारी बेचाळिसाव्या दुरुस्तीतली कलमं त्यांच्याच निकालाने रद्द झाली. आता कुणी म्हणेल, ते केशवानंदच्या निकालाला बांधील होते. होते. पण मधे आणीबाणीही होती. त्यांना ती पाहायला मिळाली, नाथ पैंना नाही.

मित्राने शेवटी सरळच विचारलं, तू त्या सभागृहात असतास तर काय केलं असतंस? १९६८ मध्ये, समितीने ब्रेक बसवल्यावर, मी नाथ पैंच्या बाजूने मत दिलं असतं. १९७१ मध्ये गोखल्यांच्या विधेयकाला नसतं दिलं.