कफलिंकमधली दाढ

अमेरिकेतल्या लहान गावांत वाचनालयाचं छप्पर गळायला लागलं की लोकांना साहित्याची आठवण होते. मग निधी जमवायला केक विकतात, नाहीतर प्रश्नमंजुषा ठेवतात. न्यू जर्सीतल्या आमच्या गावाने यंदा केकला फाटा दिला आणि दारोदार पत्रकं वाटली: ‘गाजलेली अमेरिकन पुस्तकं आणि नाटकं तुम्हाला किती माहीत आहेत?’ एरवी कुणी विचारलं असतं तर ‘पुष्कळ’ म्हणून मी मोकळा झालो असतो. इथे मात्र तिकीट काढून, सहाजणांच्या टेबलावर बसून, वाचनालयाची ती करंगळीएवढी, बिनरबरी पेन्सिल हातात धरून उत्तर द्यायचं होतं. एकदा लिहिलं की लिहिलं, खोडायची सोय नाही.

माझी भरती शेजारच्या निवृत्त डेंटिस्टनी परस्पर करून टाकली. “स्टेशनवर तुमच्या हातात नेहमी जाडजूड पुस्तक असतं,” हे त्यांचं कारण. ते पुस्तक ‘मोबी डिक’ होतं, आणि ते नेहमी हातात दिसायचं कारण ते संपतच नव्हतं. एकशे पस्तीस प्रकरणं आहेत. त्यातल्या एकात कथा सोडून देवमाशांची जातवारी लावली आहे आणि शास्त्रज्ञ काही का म्हणेनात, देवमासा हा मासाच, असं ठणकावून सांगितलं आहे. अशा पुस्तकाशी वाद घालून उपयोग नसतो. मुकाट्याने पुढचं प्रकरण वाचायचं.

तयारी करून घ्यायचं काम हायस्कुलात असलेल्या आमच्या कन्येने अंगावर घेतलं. “बाबा, नीट ऐका. ‘ग्रेट गॅट्सबी’तला हिरवा दिवा म्हणजे अमेरिकन ड्रीम. ‘द क्रूसिबल’ 1692 च्या सेलममधल्या चेटकिणींच्या खटल्यांवर आहे, पण मिलरने 1953 साली लिहिलंय, म्हणजे खरं तर कम्युनिस्ट हुडकणाऱ्यांवर आहे. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मध्ये मॉकिंगबर्डला कुणीही मारत नाही. झालं.”

“आणि गोष्ट?”

“गोष्ट कोण विचारतं?”

तिच्या टेबलावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक पातळशी पुस्तिका होती. क्लिफ्स नोट्स. 1958 साली नेब्रास्कातल्या एका गृहस्थांनी ह्या काढायला सुरुवात केली आणि तेव्हापासून अमेरिकन पोरं मूळ पुस्तकाला हात न लावता त्यावर चार पानी निबंध लिहीत आली आहेत. ज्याची स्वतःची दहावी ‘एकवीस अपेक्षित’च्या जिवावर निघाली, त्याने यावर नाक मुरडू नये. मी पुस्तिका चाळली.

हॉलमध्ये आमच्या टेबलावर डॉक्टर, त्यांच्या पत्नी, घरं विकणाऱ्या एक चटपटीत बाई, एक कर सल्लागार आणि एक तरुण होता. हा तरुण कुणी आणला हे शेवटपर्यंत कळलं नाही. चिप्स संपवणं एवढीच त्याची जबाबदारी असावी.

पहिलाच प्रश्न आला: ‘मोबी डिक’ कोणत्या वाक्याने सुरू होते? हॉलभर ‘कॉल मी इश्माएल’ची कुजबुज पसरली. मी म्हटलं, थांबा. ते पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य. पुस्तक त्याच्या बरंच आधी सुरू होतं. सुरुवातीला शाळेतला एक फिकुटलेला उपशिक्षक येतो, क्षयाने गेलेला. कोट विटलेला, आणि जगातल्या सगळ्या देशांचे झेंडे असलेल्या रुमालाने जुन्या शब्दकोशांवरची धूळ झटकतोय. मग पानंच्या पानं देवमाशांविषयीची अवतरणं. इश्माएल त्याच्यानंतर.

टेबल गप्प. “हे तुम्ही खरंच वाचलंय?” डॉक्टरांच्या पत्नींनी विचारलं. आवाजात कौतुक कमी, काळजी जास्त होती.

“पण कार्डावर काय लिहिलेलं असेल?” डॉक्टर मुद्द्यावर आले.

“इश्माएल.”

“मग इश्माएल लिहा.”

लिहिलं. पण त्या उपशिक्षकाचं कुणीतरी बोलायला हवं, म्हणून हात वर केला. प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी अत्यंत प्रेमाने सांगितलं की स्वच्छतागृह जिन्याखाली आहे. मी खुलासा केल्यावर त्यांनी कार्ड उलटून मागची बाजूही पाहिली, तीही कोरी निघाली, आणि त्या म्हणाल्या, “पुढचा प्रश्न.” पुढचा प्रश्न ‘मोबी डिक’मधल्या जहाजावरच्या पहिल्या मेटचं, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं, नाव काय, हा होता. ते साऱ्या हॉलला येत होतं. त्याच्या नावाची कॉफी सगळेजण रोज पितात.

मग एक चमत्कार पाहिला. ‘गॅट्सबी’मधला जुगारी मायर वुल्फशाइम ज्या कफलिंक्स घालतो, त्या कशाच्या असतात? दिवा हिरवा, ड्रीम अमेरिकन, एवढ्या भांडवलावर मी बसलो होतो. पण डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. “दाढा! माणसाच्या दाढा!” डोळे लकाकत होते. हे पुस्तक त्यांनी कॉलेजात असताना वाचलं होतं. डेझी कोण, गॅट्सबीचं पुढे काय झालं, सगळं पार विसरले होते. दाढा तेवढ्या लक्षात होत्या. “उत्तम नमुने, असं तो स्वतः म्हणतो,” ते पुढे म्हणाले, आणि वर किडीबद्दल एक शंकाही काढली.

पाठोपाठ ‘अ रेझिन इन द सन’. शिकागोतल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाला विम्याचे दहा हजार डॉलर येतात आणि आई त्यातून गोऱ्यांच्या वस्तीत घर घ्यायला निघते. लोरेन हॅन्सबरीचं हे नाटक 1959 साली ब्रॉडवेवर आलं. प्रश्न: आईने घरासाठी किती रक्कम भरली? घरवाल्या बाईंनी पापणी न लवता सांगितलं, “साडेतीन हजार. डाउन पेमेंट.” बाकी नाटकात काय होतं, असं मी विचारलं. “वस्ती क्लायबोर्न पार्क,” त्या म्हणाल्या.

‘डेथ ऑफ अ सेल्समन’वर मात्र टेबल फुटलं. विली लोमन नेमकं काय विकतो? बाई म्हणाल्या स्टॉकिंग्ज, कारण नाटकात स्टॉकिंग्ज आहेत. पण ते तो बायकोऐवजी भलत्याच बाईला देतो, विकत नाही. कर सल्लागारांना माल आठवेना. घराचा शेवटचा हप्ता फिटला त्याच दिवशी नवऱ्याला मूठमाती द्यावी लागली, हे आठवून ते एकदम हळवे झाले. खरी गोष्ट अशी की आर्थर मिलरने हे नाटकभर सांगितलेलंच नाही. मी पेन्सिलीने ‘सांगितलेलं नाही’ असं लिहिलं, तर डॉक्टर म्हणाले, जागा रिकामी सोडल्यासारखं दिसतंय. गुण मिळाला.

नाटकांत मला जरा दम होता. ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ तेंडुलकरांनी ‘वासनाचक्र’ म्हणून मराठीत आणलेलं, त्यामुळे नायिका ब्लांश घरातलीच. न्यू ऑर्लिन्समध्ये तिला पत्ता मिळालेला असतो तो असा: डिझायर नावाची ट्राम पकड, मग सेमेटरीजची गाडी बदल, एलिझियन फील्ड्सला उतर. गाडी कुठे बदलायची हे मुंबईकर जन्मात विसरत नाही. हे नाटक 1947 च्या डिसेंबरात ब्रॉडवेवर लागलं आणि पुढच्याच वर्षी ती ट्राम बंद होऊन तिथे बस सुरू झाली. थोडक्यात वाचला नाटककार टेनेसी विल्यम्स. मार्क ट्वेन 1896 साली मुंबईत येऊन गेला आणि तिथल्या कावळ्यांवर मनापासून लिहून गेला, हेही मी तयार ठेवलं होतं. पण ट्वेनचं खरं नाव तेवढं विचारलं. कावळे वाया गेले.

आणि मग तो प्रश्न आला. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मधला म्हातारा समुद्रात एकटा असताना कोणत्या बेसबॉलपटूची सारखी आठवण काढतो? मी पेन्सिल उचलली आणि लिहिलं: जो दिमाजिओ. टाच दुखत असतानाही खेळणारा, कोळ्याचा पोरगा. हेमिंग्वेचा हा म्हातारा, सांतियागो, मला पुलंच्या ‘एका कोळियाने’मध्ये भेटला. चौऱ्याऐंशी दिवस मासा नाही आणि ओठांवर दिमाजिओ. बेसबॉल चौकोनी मैदानावर खेळतात की गोल, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आजही खात्री नाही.

पण टेबलाचा माझ्याकडे बघण्याचा नूरच पालटला. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. “तुम्ही बेसबॉलवाले आहात, बोलला नाहीत कधी!” चिप्सवाल्या तरुणाने पहिल्यांदा मान वर केली.

अमेरिकन साहित्यात बेसबॉल किती आहे, याची कल्पना मला त्या रात्री आली. मॅलमडच्या ‘द नॅचरल’चा नायक शेवटच्या फटक्याला काय करतो? पाचही माना माझ्याकडे वळल्या. 1984 चा सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला. रॉबर्ट रेडफर्डने मारलेला चेंडू थेट दिव्यांवर जातो, ठिणग्यांचा पाऊस पडतो. मी ना पुस्तक वाचलेलं, ना सिनेमा पाहिलेला. पण 1986 साली शारजात शेवटच्या चेंडूवर चेतन शर्माला मियांदादने मारलेला षटकार मी पाहिला होता. शेवटच्या क्षणी ज्याच्यावर भिस्त असते, त्याच्या हातून काहीही होत नाही, हे मला लहानपणीच कळलं. “आउट,” मी म्हणालो. टेबल हळहळलं, पण तज्ज्ञापुढे कोण बोलणार? कार्डावर तेच निघालं. कादंबरीत तो खरोखरच आउट होतो.

शेवटचा प्रश्न ‘द कॅचर इन द राय’मधल्या होल्डनच्या मेलेल्या धाकट्या भावाच्या बेसबॉल मिटवर, म्हणजे चेंडू झेलायच्या हातमोज्यावर. त्यावर कविता लिहिलेल्या असतात, त्या कोणत्या शाईने? पुन्हा माना. गॅट्सबीचा दिवा हिरवा आहे, एवढंच मला त्या क्षणी आठवलं. “हिरव्या,” मी खालच्या आवाजात म्हणालो, आणि शाई हिरवीच निघाली.

आम्ही दुसरे आलो. पहिलं टेबल निवृत्त इंग्रजी शिक्षकांचं होतं. अशांना अशा ठिकाणी बसू द्यावं का, यावर घरवाल्या बाईंनी पार्किंगमध्ये बराच वेळ मत मांडलं. मला त्यात रस नव्हता, कारण डॉक्टर माझा हात धरून ज्येष्ठांच्या सॉफ्टबॉल संघाविषयी बोलत होते. एक माणूस कमी पडतोय म्हणे. नकार द्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी कुणाला तरी फोन लावून ‘दिमाजिओवाला’ अशी माझी ओळखही करून दिली होती.

“शनिवारी सकाळी शॉर्टस्टॉपला उभं राहायचंय,” मी घरी येऊन कन्येला सांगितलं. “शॉर्टस्टॉप म्हणजे काय गं?”

तिने लॅपटॉप उघडला. “थांबा बाबा, नोट्स मिळतात का बघते.”