‘बघून तर काहीच वाटत नाही’: प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागाने लिहिलेली असली तरी ती मनापासून लिहिलेली आहे, आणि त्यातले प्रश्न अनेकांच्या मनात असतात. म्हणून नुसते आभार न मानता सविस्तर लिहीत आहे.

आधीचा लेख न वाचलेल्यांसाठी: ऑटिझम, म्हणजे मेंदूची लहानपणापासूनची वेगळी जडणघडण, ज्यात लोकांशी संवाद साधणं आणि आवाज-उजेड सोसणं अवघड जाऊ शकतं, हे न दिसणारं अपंगत्व आहे, असं मी त्यात लिहिलं होतं. तुम्हाला ते पटलं नाही. तुमच्या विभागातला एक सहकारी ऑटिस्टिक आहे. तो नीट बोलतो, डोळ्यांत बघतो, काम चोख करतो. तरी त्याला मीटिंगचे विषय आदल्या दिवशी हवे असतात, हेडफोन लागतात आणि दुपारनंतर तो कुणाशी धड बोलत नाही. तुमचं म्हणणं असं की दमतात सगळेच, थोडेफार ऑटिस्टिक आपण सगळेच असतो, पूर्वी असलं काही नव्हतं, आणि लाड केले की माणूस शिकत नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय की ज्यांचा ऑटिझम खरोखर गंभीर आहे त्यांच्या वाट्याचं लक्ष ही बोलकी माणसं घेऊन जातात. या शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, त्याकडे मी येईनच.

तुमचं निरीक्षण चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. तो खरंच नीट बोलतो आणि खरंच काम करतो. पण तुमच्यासमोर येतं ते झालेलं काम. ते करताना त्याचं किती खर्ची पडलं, हे तुमच्या खुर्चीवरून दिसणं शक्य नाही. एखाद्याला ‘जमतं’ की नाही हे आपण समोरच्या तासाभरावरून ठरवतो. ऑटिझममध्ये हा हिशेब आठवड्याचा मांडावा लागतो. मंगळवारची मीटिंग उत्तम झाली आणि बुधवारी त्याच माणसाला एक साधा फोन उचलणं झेपलं नाही, तर बुधवार हा मंगळवारचाच उरलेला भाग असतो.

त्या मीटिंगमध्ये काय चालतं ते जवळून बघू. खोलीत आठ माणसं आहेत, एसीची घरघर आहे, बाहेर प्रिंटर चालू आहे आणि शेजारचा माणूस पेनाचं बटण टकटक करतोय. बहुतेकांचा मेंदू थोड्या वेळात हे आवाज मागे ढकलतो आणि ते ऐकू येईनासे होतात. अनेक ऑटिस्टिक माणसांच्या बाबतीत हे ढकलणं नीट होत नाही, चाळिसाव्या मिनिटालाही ती टकटक पहिल्या मिनिटाइतकीच ताजी असते. वर जुन्या चोकची ट्यूबलाइट असेल तर ती विजेच्या दुप्पट वेगाने, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा, लुकलुकते, आणि काहींना त्याचा त्रास होतो. त्यात नजरेचं काम वेगळंच. डोळ्यांत बघणं आपोआप होत नसेल तर ते मोजून करावं लागतं: तीन-चार सेकंद समोरच्याच्या भुवयांच्या मध्ये बघायचं, मग वहीकडे, मग पुन्हा वर. समोरच्याचं वाक्य संपलं की तो नुसता श्वास घेतोय, आपला आवाज चढला तर नाही, आता हसायचं होतं का, हे सगळं जाणूनबुजून सांभाळायचं आणि त्याच वेळी विषयही समजून घ्यायचा. याला मास्किंग म्हणतात. तुम्ही ‘डोळ्यांत बघतो’ म्हणून जो पुरावा दिलाय, तो बहुधा या मेहनतीचाच आहे. जास्त मास्किंग करणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्यही जास्त आढळतं, हे अनेक अभ्यासांत आलेलं आहे.

निदानाच्या निकषांतही हे धरलेलं आहे. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन मार्गदर्शक ग्रंथात, लिहिलंय की लक्षणं लहानपणापासून असायला हवीत, पण परिस्थितीच्या मागण्या कुवतीबाहेर जाईपर्यंत ती पूर्णपणे दिसणार नाहीत, किंवा पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातील, असंही होऊ शकतं. म्हणजे ‘बघून वाटत नाही’ यावरून निदान खोटं ठरत नाही.

‘थोडेफार सगळेच’ याचंही उत्तर तिथेच आहे. सामाजिक संवादातल्या तिन्ही बाबतींत अडचण असावी लागते: बोलण्या-वागण्यातली देवाणघेवाण, नजर आणि हावभाव, नाती जोडणं-टिकवणं. शिवाय पुढच्या चारांपैकी किमान दोन गोष्टी लागतात: त्याच त्या हालचाली किंवा शब्द, ठरल्याप्रमाणेच सगळं व्हावं हा अट्टहास, मोजक्या विषयांची कमालीची ओढ, आणि आवाज, उजेड, स्पर्श वगैरेंना नेहमीपेक्षा फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद. आणि या सगळ्यामुळे रोजच्या जगण्यात ठळक अडथळा यायला हवा. गर्दीत कंटाळा येणं किंवा कपाट नीटनेटकं लागणं यात बसत नाही.

पूर्वीही हे होतं. सोव्हिएत बालमनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेव्हा यांनी १९२५ मध्येच अशा मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली होती. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांचा ११ मुलांवरचा प्रसिद्ध लेख १९४३ चा. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. लहानपणी त्याला संस्थेत ठेवलं होतं, पालकांनी परत घरी आणलं. पुढे त्याने बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, आणि २०२३ मध्ये वारला. निदानाच्या इतिहासातला पहिलाच माणूस बँकेच्या काउंटरपलीकडून ‘बघून वाटत नाही’ अशातला ठरला असता. त्याला अख्ख्या गावाने त्याच्या लकबींसकट सामावून घेतलं होतं, हेही त्याच्याबद्दल आवर्जून सांगितलं जातं.

जाता जाता, ‘स्वमग्नता’ हा आपल्याकडे रुळलेला शब्द मी टाळतो. स्वतःत रमलेला, इतरांची पर्वा नसलेला, असा अर्थ त्यातून कानावर पडतो. ज्याला खोलीतला प्रत्येक आवाज टोचतोय तो स्वतःत मग्न कसला, त्याला बाहेरचं जग नको इतकं ऐकू येतंय.

आता लाडांबद्दल. तुम्ही ज्यांना सवलती म्हणता त्या नीट दिल्या तर साध्या असतात, आणि अर्धवट दिल्या तर निरुपयोगी ठरतात. बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती या अर्धवटपणात.

मीटिंगचे विषय आदल्या दिवशी पाठवणं घ्या. उपयोग कशाचा होतो? कोणत्या मुद्द्यावर आपल्याला बोलावं लागेल, किती वेळ, आणि निर्णय हवाय की नुसती माहिती, एवढं कळण्याचा. ‘प्रोजेक्टबद्दल चर्चा’ एवढंच पाठवलं तर काहीच पाठवलं नाही. आणि पाठवलेला क्रम आयत्या वेळी बदलला, तर रात्रभर केलेली तयारी आधी मोडावी लागते, ते न पाठवण्यापेक्षाही महागात पडतं. बदल करावाच लागला तर पहिल्या मिनिटात सांगावा: ‘तिसरा मुद्दा आज नाही, दुसऱ्यानंतर थेट चौथा.’ तीच गोष्ट मुदतीची. ‘जरा लवकर दे’ याचा अर्थ लावण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो, ‘गुरुवारी दुपारी ३ पर्यंत’ यात लावायला काहीच नाही.

हेडफोनबद्दल तुम्ही लिहिलंय की हेडफोन घालूनही तो त्रासलेला दिसतो, मग उपयोग काय. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन एकसुरी, खालच्या पट्टीचे आवाज चांगले कापतात, जसं एसी, पंखा, इंजिन. माणसांची बडबड आणि अचानक वाजलेली रिंग ते तेवढी अडवत नाहीत. त्यासाठी फोमचे इअरप्लग बरे, पण नीट बसवले तर. बोटांनी लाटून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, इअरप्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत, साधारण ३० सेकंद, बोटाने धरून ठेवायचा. अर्धा बाहेर राहिलेला नुसता टोचतो. आणि इथे तुमच्याशी मी अर्धा सहमत आहे: दिवसभर कान झाकून ठेवणं चांगलं नाही. सतत शांततेत राहिलं की साधे आवाजही जास्त बोचायला लागू शकतात. गोंगाटात घालायचे, शांत जागी काढायचे. पण ते तेव्हाच शक्य आहे जेव्हा अशी शांत जागा असते. हेडफोन घातलेल्या माणसाच्या खांद्यावर मागून थाप मारणं मात्र कृपा करून थांबवा. समोरून या, टेबलाच्या कडेला हात दिसेल असा ठेवा.

शांत खोलीचंही असंच होतं. खोली दिली जाते, महिन्याभरात तिथे खोकी येतात, मग फोनवर बोलायला लोक तिथे जायला लागतात. त्याहून मोठी चूक म्हणजे तिथे जायला परवानगी लागणं. ताण टोकाला गेला की अनेकांची वाचा आधी जाते. शब्द माहीत असतात, पण तोंडातून निघत नाहीत. नेमक्या त्या क्षणी ‘मी जाऊ का?’ विचारायला लावणं म्हणजे दार असून कुलूप घालणं. म्हणून खूण आधी ठरवावी: टेबलावर उलटं ठेवलेलं कार्ड, किंवा नुसतं उठून जाणं, आणि त्यावर कुणी काही विचारायचं नाही. तुमचा जो सहकारी दुपारनंतर ‘धड बोलत नाही’ तो शटडाउनच्या जवळ असू शकतो. त्यात माणूस शांत होतो, चेहरा कोरा पडतो, उत्तरं एका शब्दावर येतात. बाहेरून ते तुसडेपणासारखं दिसतं.

शिकण्याचं म्हणाल तर शिकवायचं जरूर, पण काय शिकवतो हे महत्त्वाचं. त्रास गिळायला शिकवलं की मास्किंग वाढतं. त्रास वेळेत ओळखून मदत मागायला शिकवलं की माणूस जास्त ठिकाणी टिकतो. मुलांना ‘ब्रेक’चं कार्ड शिकवताना मूल शांत असतानाच दहा-पंधरा वेळा सराव करायचा: कार्ड दिलं की लगेच दोन मिनिटं बाहेर. पहिले काही आठवडे प्रत्येक वेळी, लगेच. मुलं गैरफायदा घेतील ही भीती असते आणि सुरुवातीला कार्ड जरा जास्त वापरलंही जातं. पण खऱ्या गरजेच्या वेळी दोनदा ‘आत्ता नाही’ म्हटलं की मूल कार्ड सोडून देतं आणि परत किंचाळण्यावर येतं, कारण किंचाळणं प्रत्येक वेळी चालतं.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. उत्तर येत नाही म्हणून आपण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो, आपल्याला वाटतं सोपा केला. ऐकणाऱ्यासाठी तो नवा प्रश्न असतो, आधीचं निम्मं झालेलं काम वाया जातं. परत विचारायचंच तर त्याच शब्दांत.

आता तुमचा शेवटचा मुद्दा. मागच्या लेखात मी फक्त बोलू शकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या माणसांबद्दल लिहिलं, ही उणीव आहे आणि ती मान्य. २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने ‘प्रोफाउंड ऑटिझम’, म्हणजे अतितीव्र ऑटिझम, असा वेगळा शब्द सुचवला. चोवीस तास मोठ्या माणसाची सोबत लागणारे, बौद्धिक अक्षमता मोठी असलेले किंवा अगदी कमी बोलू शकणारे लोक चर्चेतून गळू नयेत, हा त्यामागचा हेतू. या शब्दावर ऑटिस्टिक लोकांमध्येच मतभेद आहेत, पण ती काळजी खरी आहे आणि त्यांच्या पालकांना रात्रीची झोपसुद्धा मिळत नाही तेव्हा हेडफोनची चर्चा त्यांना परकी वाटणं साहजिक आहे.

फक्त ‘न दिसणारं’ हा शब्द त्यांनाही लागू होतो. ऑटिझमची चेहऱ्यावर खूण नसते. चार वर्षांचं मूल रांगेत जमिनीवर लोळलं तर लोक लहान आहे म्हणून सोडून देतात. तेच मूल नऊ वर्षांचं, उंच, अंगाने भरलेलं झालं की लोक आईवडिलांकडे बघतात. दिसतं ते वागणं, आणि वागण्याचा अर्थ संस्कारांवरून लावला जातो. हट्ट करणारं मूल समोरचे बघतायत का यावर डोळा ठेवतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउन, म्हणजे ताण असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटणं, हवं ते मिळूनही थांबत नाही. अशा वेळी बोलणारा एकच ठेवा, तोही दोन-तीन शब्दांत, बघे दूर करा, उजेड आणि आवाज कमी करा, हात लावू नका. फक्त रस्ता किंवा टोकदार वस्तू अशा धोक्यापासून बाजूला करा. ओसरल्यावर ‘असं का केलंस’ विचारू नका, पाणी द्या आणि सोबत बसा.

न दिसणारं अपंगत्व असलेल्यांसाठी २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झालेली, गळ्यात घालायच्या हिरव्या पट्टीवरच्या सूर्यफुलांची खूण आता बऱ्याच देशांत चालते, आणि ती दोन्ही टोकांच्या लोकांना उपयोगी पडते. ती गळ्यात असली म्हणून रांगेत पुढचा नंबर मिळत नाही. या माणसाला थोडा जास्त वेळ किंवा मदत लागू शकेल, एवढंच ती सांगते. कर्मचाऱ्यांना तिचा अर्थ शिकवलेला नसेल तर तीही नुसती पट्टीच राहते.

तुमच्या सहकाऱ्यापुरतं एक करून बघा. दुपारनंतर त्याच्याकडे काम असेल तर त्याच्या टेबलाशी जाऊन विचारण्याऐवजी दोन ओळी लिहून पाठवा: काय हवंय आणि कधीपर्यंत. आणि तिसरी ओळ अशी की उत्तर उद्या सकाळी दिलं तरी चालेल.