रिपोर्ट फेल? मग लोकलला टाका!

आज दुपारी टीव्हीवर एक सुटाबुटातले तज्ज्ञ सांगत होते की युरोपचे रेसिड्यूचे, म्हणजे फळांत उरलेल्या औषधाच्या अंशाचे, नियम म्हणजे निव्वळ व्यापारी अडवणूक. धोका सिद्ध झालेला नसताना आपला माल रोखतात म्हणे. अँकर मान डोलावतोय. ताट अर्ध्यावर सोडून हे टाइप करतोय, चुकाभूल सांभाळून घ्या.

सिद्ध झालेला नसताना! अहो, मुद्दाच तो आहे. नुकसान कधीच भरून न येणारं असेल, तर पक्क्या पुराव्याअभावी हात बांधून बसायचं नाही, हे 1992 ला रिओच्या पर्यावरण परिषदेत सगळ्या जगानं मान्य केलंय, आपणही. 1996 मध्ये वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टानं हे सावधगिरीचं तत्त्व देशाच्या कायद्यात बसवलं. वर हेही सांगितलं की निर्धोक आहे हे कारखानदारानं सिद्ध करायचं, ज्याच्या विहिरीत घाण उतरली त्यानं नाही. वर्षं किती झाली बघा.

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. एका वर्षी एक्सपोर्टचा प्लॉट तोडणीला आला, नमुना लॅबला गेला आणि रिपोर्ट फेल. एका बुरशीनाशकाचा अंश मर्यादेच्या जरासा वर. (तिकडे ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नसते, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, संपला विषय.) अण्णा, म्हणजे माझे वडील, तो कागद हातात धरून पडवीत बसून राहिले. संध्याकाळच्या आत लोकलचा, म्हणजे इथल्या बाजाराचा, व्यापारी हजर. चार मणी तोंडात टाकले, गोडी बघितली, भाव पाडला. दुसऱ्या दिवशी क्रेटमध्ये रद्दी अंथरून तीच बाग खाली झाली. रिपोर्ट त्यानं मागितलासुद्धा नाही. का मागेल? इथं त्याला कोण विचारणार आहे?

तो माल कुठं गेला? तुमच्या पोरांच्या डब्यात.

बरं, युरोप काही संत नाही, मान्य. 2010 साली सीसीसीवरून, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडवरून, आपल्या द्राक्षांचे कंटेनर तिकडे अडकले आणि नाशिक जिल्ह्यात कित्येक घरं कर्जात गेली. संप्रेरकं (हार्मोन्स) देऊन वाढवलेल्या गुरांच्या मांसावर युरोपनं घातलेली बंदी तर 1998 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत टिकलीच नाही. धोक्याचा नीट अभ्यास न करता घातली, असा निकाल लागला. त्या संघटनेचा करार पुरावा अपुरा असताना तात्पुरती बंदी घालू देतो, पण मग अभ्यास करा आणि वाजवी मुदतीत फेरविचार करा, असंही बजावतो. रास्त आहे. आणि ढोंगीपणा म्हणाल तर पॅराक्वाट बघा. 2007 ला युरोपात बंद झालं, तरी इंग्लंडमधल्या हडर्सफील्डला तयार होऊन बाहेरच्या देशांत जातच राहिलं. ज्याच्यावर उतारा नाही असं तणनाशक! त्यांची सावधगिरी त्यांच्या बंदरापर्यंतच.

पण त्यांच्या नावानं बोटं मोडून आपलं काय होणार? त्यांनी त्यांच्या माणसाची काळजी घेतली. आपल्या माणसाची कोणी घ्यायची?

यवतमाळ आठवतंय ना, 2017? कापसावर फवारणी करता करता एका हंगामात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. नंतर काय ऐकवलं? मास्क घातला नव्हता, हातमोजे नव्हते, मिश्रण चुकीचं केलं. म्हणजे मेला त्याचीच चूक. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, विदर्भातला तो उकाडा, पाठीवर पंप. घाला बघू त्यात मास्क. मे 2020 मध्ये 27 कीटकनाशकांवर बंदी घालायचा मसुदा आला. मग हरकती, समित्या, पुरावे द्या, अजून पुरावे द्या. 2023 मध्ये बंदीचा आदेश निघाला तो मोजक्याच औषधांवर.

शेतकऱ्याला शिव्या घालायला ही पोस्ट नाही. डाऊनी नावाचा बुरशीचा रोग एका रात्रीत बाग झोपवतो, ते मी बघितलंय. अण्णांचे हात हंगामभर मोरचुदानं निळे असायचे. औषध बंद म्हणायला माझ्या तोंडाचं काय जातं, पर्यायी औषध महाग असतं आणि कर्ज त्यांच्या नावावर. पण तेच अण्णा शेवटच्या फवारण्यांना बांधाकडची एक ओळ सोडून द्यायचे. घरच्यांसाठी. त्यासाठी त्यांना कुठलाही अहवाल लागला नाही, कुठली समिती लागली नाही.

युरोपला जाणाऱ्या प्लॉटची नोंदणी होते, नमुना काढला जातो, पेटी कुठल्या बागेतली तेही सांगता येतं. म्हणजे यंत्रणा आहे, माणसं आहेत, लॅब आहेत. मग वाशीला आणि पुण्याच्या मार्केटयार्डात उतरणाऱ्या गाडीला निदान अधूनमधून तरी तीच चाळणी का नाही? खर्च येतो म्हणे. येऊ दे की! आणि तो एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारू नका, औषध विकणाऱ्यांकडून घ्या. निर्धोक आहे म्हणून सांगतात ना छातीठोकपणे?

आणि बापूकाका, 'शेतकऱ्याचा मुलगा असून शेतकऱ्याच्या मुळावर उठलाय' असं खाली लिहायच्या आधी अण्णांना एक फोन करा. चारनंतर करा, दुपारी झोपतात ते.