मुलांना इंटरनेटचे संस्कार कसे द्यावेत

संस्कार घरापासून सुरू होतात हे सगळ्यांनाच मान्य आहे, त्यामुळे इंटरनेटचेही घरातच करा, आणि त्यासाठी पोराच्या इन्स्टाग्राम अकाउंटसारखा मुहूर्त नाही. नियम १३ पूर्ण पाहिजेत असा आहे, तुमचं पोरगं दहाचं. मग काय, शेजारी बसवायचं आणि जन्मसाल कसं खाली सरकवायचं ते प्रेमाने दाखवायचं, २०१५ च्या जागी २००५ आलं की पोरगं एका बोटात कॉलेजात. वर हेही सांगायचं की बाळा, इंटरनेटवर लोक वय खोटं सांगतात हां, सांभाळून राहा.

आता प्रोजेक्ट. समजा तुम्ही ऐरोलीला राहता आणि सातवीतल्या पोरीला ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर प्रोजेक्ट दिलाय, उद्या सबमिट करायचाय आणि हे तिला रात्री साडेनऊला आठवलंय. ऐरोलीतच जैवविविधता केंद्र आहे, सीझनमध्ये गेलं तर खरे पक्षी दिसतात, पण खरे पक्षी लांब असतात, फोटोत ठिपके येतात, त्यापेक्षा गूगल बरं. पहिला जो गुलाबी थवा दिसेल तो उचलायचा, केनियाचा निघाला तरी चालतो, खाली फोटोग्राफरचं नाव असतं तेवढं क्रॉप करायचं. मजकूर विकिपीडियावरनं. तिथे फुकट मिळतं, फक्त कुठून घेतलं ते लिहा एवढंच त्यांचं म्हणणं, पण ते लिहिलं की कॉपी केल्यासारखं दिसतं ना, म्हणून नाही लिहायचं. सकाळी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडनं कलर प्रिंट. घाईत मधे मधे [संपादन] आणि [३] असं काहीतरी तसंच राहतं, राहू दे, मॅडमना पन्नास प्रोजेक्ट तपासायचेत, त्या कव्हरची बॉर्डर बघतात. (खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे हे त्यातच लिहिलेलं असेल, तोंडी विचारलं तर 'राम सर आम्हाला नाहीत शिकवायला' असं उत्तर येऊ शकतं, तेवढं सांभाळा.)

वर्गाच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे तर गुरुकुलच. तिथे युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवल्याची बातमी अधूनमधून आलीच पाहिजे. आम्ही असं काही केलेलं नाही म्हणून युनेस्कोने सांगून झालंय, पण युनेस्को कुठे आपल्या ग्रुपमध्ये आहे. दिवाळीला नासाचा फोटो, झगमगता भारत. तो दिवाळीचा उजेड नाही, अनेक वर्षांत दिवे कसे वाढत गेले ते वेगवेगळ्या रंगांत दाखवलंय, असं घरातलंच एखादं कार्टं म्हणालं तर 'मोठ्यांना शिकवू नकोस' म्हणून गप्प करायचं. आणि मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ आला तर 'घोडबंदरला दिसलेत' एवढं वर लिहून लगेच पुढे. २०१८ च्या जुलैत धुळ्याच्या राईनपाड्यात असल्याच अफवेवर भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड अशी मर्यादा घातली. तुम्ही पाच-पाच करून पाठवा. खाली 'खरं-खोटं माहीत नाही पण काळजी घ्या' लिहिलं की आपण सुटलो.

शाळेनेही मागे राहू नये. सायबर सेफ्टीवर एक व्याख्यान ठेवायचं, हॉलमध्ये, शेवटच्या तासाला. वक्त्याने पहिल्या स्लाइडवर कॉपीराइट म्हणजे काय ते सांगायचं, त्याच स्लाइडवरच्या फोटोवर आडवा वॉटरमार्क असेल तर उत्तम. मग दम, की काही वेडंवाकडं पोस्ट केलंत तर आयटी कायद्याच्या ६६ अ कलमाखाली आत जाल. २०१२ ला पालघरमध्ये, तेव्हा तो ठाणे जिल्ह्यातच होता, एका फेसबुक पोस्टवरून आणि ती लाइक केल्यावरून दोन मुलींना अटक झाली होती, त्यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि ते कलम २०१५ लाच रद्द झालं, पण भीती कुठे रद्द झालीय, वापरा बिनधास्त. शेवटी प्रश्नोत्तरं. मागच्या बाकावरची एखादी मुलगी अर्धा हात वर करेल आणि विचारेल, सर, कोणी आपला फोटो घेऊन घाण एडिट केला तर कुणाला सांगायचं? तिला 'मुळात फोटो टाकायचाच कशाला' म्हणून खाली बसवायचं, हॉलमध्ये हशा होईल, वक्त्याला पाणी प्यायला वेळ मिळेल. तक्रारीचं सरकारी पोर्टल आहे, पैशाच्या फसवणुकीला १९३० ही हेल्पलाइन आहे, हे असलं सांगत बसू नका, मुलांना १९३० म्हटलं की मिठाचा सत्याग्रह आठवतो आणि परीक्षेला तेच येतं.

मग निबंधस्पर्धा, 'इंटरनेट: शाप की वरदान'. पोराला लिहायला लावू नका, त्याला क्लास असतो. चॅटजीपीटीला सांगा की आठवीच्या मुलाने लिहिल्यासारखं लिही, शुद्धलेखनाच्या दोन चुका टाक आणि शेवटी तुकोबांचा एक अभंग. अभंग कधी कधी तो स्वतःच रचतो, पण शेवटी 'तुका म्हणे' असतं, कोण गाथा उघडून बघतंय. वर्गातले अर्धे निबंध 'आजच्या डिजिटल युगात' असेच सुरू झालेले असतील, त्यातूनही नंबर काढतातच.

नंबर आला की पोराला शाळेच्या गेटसमोर उभं करा, हातात सर्टिफिकेट, गळ्यात आयकार्ड सरळ करून, नाव, इयत्ता, तुकडी, बसचा नंबर सगळं झूम न करता वाचता येईल असा फोटो काढा, लोकेशन टाका आणि पोस्ट पब्लिक ठेवा. पोरगं 'आई, माझा फोटो नको ना टाकूस' म्हणालं तर सांगा, तुला काय विचारायचं त्यात, शाळेला टॅगपण करून झालं.